बापूंचं मिक्श्चर

“खरं सांगा, गोळ्या देता का नाही?”

सबनीस डॉक्टरबाईंनी रिपोर्टवरून मान वर केली ती थेट माझ्याकडं. शेजारी माझा नवरा उभा होता, चांगला उंचापुरा, पण तो बाईंना दिसत नसावा. पोराच्या औषधाचा विषय निघाला की बाप कुणालाच दिसत नाही, आई तेवढी दिसते.

“देते की. रोज सकाळी, उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. माझ्या हातानं.”

“मग लोहाचा आकडा वर कसा चढतोय? मागच्या खेपेला चार हजार होता. आता साडेचार. गोळ्या पोटात जात असतील तर तो उतरायला पाहिजे, आई. चढतोय म्हणजे काय समजायचं मी?”

दार उघडंच होतं. बाहेर बाकड्यावर आमच्यासारखीच माणसं आपापली पिवळी-पांढरी पोरं मांडीवर घेऊन बसली होती. ती सगळी ऐकत होती. एका बाईनं तर मान लांब करून माझं तोंड बघितलं, कसली आई आहे म्हणून.

माझ्या सुजयला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त तयार होई ते टिकत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी मिरजेला आणून त्याला रक्ताची बाटली लावायची. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि सहा महिन्यांचा असल्यापासून हेच चाललं होतं. बाटलीतल्या रक्ताबरोबर लोह अंगात जातं आणि ते बाहेर पडायला शरीराला वाट नाही. ते लिव्हरमध्ये साचतं, हृदयात साचतं. आमच्या गोळ्या होत्या त्या हे साचलेलं लोह बाहेर काढायच्या. रक्त कमी म्हणून जगभर लोहाच्या गोळ्या देतात, आमच्या पोराला लोह काढायच्या. हे आमच्या घरात एका माणसाला कधी पटलं नाही, पण ते पुढं सांगते.

“प्राजक्ताचा मगज जुळलाय, हाडातला, बोन मॅरो,” बाई म्हणाल्या. प्राजक्ता माझी धाकटी, सहा वर्षांची. “सख्खी बहीण जुळणं म्हणजे नशीब असतं. तिचा मगज याला दिला तर याच्या बाटल्या कायमच्या बंद होतील. पण लोहानं भरलेल्या अशा लिव्हरला पुण्याचे डॉक्टर हात लावणार नाहीत. मी याचं नाव पाठवायचं कसं? संधी दारात उभी आहे आणि तुम्ही साध्या गोळ्या देत नाही. राग येतो हो मला तुम्हा लोकांचा.”

“मी देते, बाई.”

“सगळ्याच आया असं म्हणतात.”

मी नवऱ्याकडं बघितलं. एका शब्दानं त्यानं म्हणावं, देते ती, मी रोज बघतो. बस, एवढंच. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. महिना कुठला चाललाय हे जणू त्याला त्याच दिवशी कळायचं होतं.

परतीच्या एस.टी.त सुजय माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. नवीन रक्त चढलं की त्याच्या ओठांना रंग येई आणि पोरगं चार दिवस पोरासारखं दिसे. मी शशिकांतला, नवऱ्याला, विचारलं, “तुम्ही का बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? डॉक्टर आहेत त्या.”

“मी गोळी देते हे सांगायला डॉक्टर कशाला लागतोय? तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं की,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर कवठेमहांकाळपर्यंत बघण्यासारखं काही नव्हतं.

शशिकांत माझा आतेभाऊ. आमच्याकडं भाच्यानं मामाची मुलगी करायची रीत आहे. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडलांची थोरली बहीण. आणि सासरे, म्हणजे बापू, त्यांनीही आपल्या मामाचीच मुलगी केलेली. मामा म्हणजे माझे आजोबा. बापूंची आई धरली तर तीन पिढ्या आमच्या घरची मुलगी त्यांच्या घरात. लहानपणी मी शशीच्या पाठीत धपाटे घातले होते आणि लग्न झाल्यावर त्याला अहो-जाहो करताना मला स्वतःचंच हसू यायचं. सुजयचं निदान झालं तेव्हा बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं होतं, दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष आहे, घरातल्या घरात लग्नं झाली की असे दोन अर्धे एकत्र यायची शक्यता वाढते. आम्ही ते घरी येऊन सांगितलं. बापू ताटावरून उठले होते.

“आमच्या रक्तात खोट? माझी आई ह्याच रक्ताची, माझी बायको ह्याच रक्ताची. पोराच्या अंगात रक्त कमी आहे, एवढंच. त्याचं नाव ॲनिमिया. मी काय आज बघतोय?”

बापूंना सगळा गाव कंपाउंडरबापू म्हणत असे. गावातल्या जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी उभी हयात काढली. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तेव्हा बापूंनी औषधांचं कपाट घरी आणलं आणि पुढच्या खोलीत ठेवलं. त्यांचं लोखंडाचं मिक्श्चर आख्ख्या तालुक्याला माहीत. हिराकस, म्हणजे लोखंडाचा तो हिरवट खडा, त्यात आणखी दोन-चार जिनसा आणि साखरेचा पाक. बाटलीवर कातरीनं नागमोडी कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एकेक दात म्हणजे एकेक डोस. दात काळे होतात म्हणून ते नळीनं प्यायचं. गरोदरपणात तालुक्यातल्या निम्म्या बायका ते प्यायल्या असतील. मीही प्यायले, त्याच दवाखान्यातल्या काचेच्या नळीनं. गुण येत होता, खोटं कशाला बोलू. ज्यांना लोह कमी त्यांना लोह दिलं तर गुण येणारच.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बापू ओट्यावरच बसले होते. पांढरी विजार, पांढरा सदरा, टोपी. “काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

“आकडा चढलाय,” मी म्हटलं. “साडेचार हजार. मला बोलल्या. गोळ्या देत नाही म्हणाल्या.”

“लोहाचा आकडा चढला?”

“हो.”

बापूंनी मान हलवली. मला वाटलं वाईट वाटलं म्हणून हलवली. आज ती मान आठवली की माझ्या कानशिलांची लाही होते.

दुसरा दिवस रविवार. सकाळी मी सुजयची गोळी पाण्यात ढवळली. खडूची पूड पाण्यात घालावी तशी चव असते तिची. तो नाक दाबून गटागटा प्यायला आणि मी पेल्याला चिकटलेलं उरलंसुरलं पुन्हा पाणी घालून त्याला पाजलं. एक कण वाया जाऊ देत नसे मी. तेवढ्यात प्राजू नाचत आली.

“आई, बघ, माझा दात हलतोय!”

तिनं आ केला. खालचा दात हलत होता खरा. पण सगळे दात कडेनं काळे पडले होते, तव्याला काजळी धरावी तसे.

“प्राजू, मिश्री लावलीस? आजीच्या डबीतली?”

“न्हाई.”

“मग दात कशानं काळे झाले? खरं बोल.”

तिनं भावाकडं बघितलं. सुजयनं डोळे मोठे केले. “प्राजू, नको हं!”

“काय नको?” मी विचारलं.

“दादाचं रक्ताचं औषध,” प्राजू म्हणाली. “मी थोडंच प्यायले. बापू दादाला रोज देतात, मला देत न्हाईत. मग मी दादाच्या वाटीतलं प्यायले. नळी एकच आहे, ती दादा देत न्हाई.”

सुजय रडायलाच लागला. “सांगितलंस! आता गुण गेला! बापू म्हणाले होते, कुणाला सांगायचं न्हाई, औषध सांगितलं की त्याचा गुण जातो! आता बाटल्या बंद होणार न्हाईत!”

आमच्याकडं झाडपाल्याचं औषध देणारे असं म्हणतात. कुणाचं औषध चाललंय ते बोलू नये, बोललं की गुण जातो. लहानपणी मीही ऐकलेलं. बापू आयुष्यभर या लोकांना हसले. ‘अडाण्यांचा कारभार’ म्हणायचे. आणि आपल्या नातवाच्या तोंडाला कुलूप घालायला त्यांना नेमका तोच अडाण्यांचा कारभार उपयोगी पडला.

मी पुढच्या खोलीत गेले. बापू टेबलाशी बसून एका बाटलीला पट्टी चिकटवत होते. काचेची नळी पाण्यात बुडवून ठेवलेली होती. स्वच्छतेला मात्र पहिल्यापासून चोख.

“हे सुजयला पाजता?”

त्यांनी पट्टी नीट बसवली, मग वर बघितलं. “पाजतो.”

“केव्हापासून?”

“झालं वर्ष. सणावारी दोन दिवस खाडा पडला असेल, बाकी नेमानं.”

“तुमच्यासमोर सांगितलं होतं डॉक्टरबाईंनी! तुम्ही आला होता तेव्हा. लोहाचा थेंब नको म्हणाल्या होत्या. खजूर नको, गूळ बेतानं द्या म्हणाल्या. तुम्ही मान डोलावली होती.”

“ती कालची पोरगी. पुस्तकातलं बोलते. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे मी तिच्या जन्माच्या आधीपासून बघतोय. आणि ती लोह काढायच्या गोळ्या देते! उलटी गंगा. तू सकाळी काढायचंस आणि मी संध्याकाळी भरायचं, असं चाललंय. म्हणून वेळ लागतोय.”

“आकडा चढलाय, बापू. साडेचार हजार.”

“तेच म्हणतोय मी. लोहाचा आकडा चढलाय ना? मग चांगलंच की. अंगी लागतंय पोराच्या.”

काल ओट्यावर हलली होती ती मान समाधानानं हललेली होती. मी बाईंच्या पुढं चोरासारखी उभी राहून आले आणि हे घरी पास झाल्याच्या आनंदात बसले होते.

मग शब्द फुटले ते असे फुटले की शेजारच्या माडीवरचे लोक खिडकीत आले. “त्याच्या लिव्हरमध्ये साचतंय ते! पोरीचा मगज जुळलाय, पोरगा सुटला असता, आणि तुम्ही बाटलीनं त्याच्या अंगात लोखंड ओतताय! वर्षभर मी उपाशीपोटी गोळ्या देतेय, मी शिव्या खातेय, आणि तुम्ही इथं पट्ट्या चिकटवताय!”

“आरडू नकोस. आवाज रस्त्यावर जातोय.” बापू शांत होते. “आणि एकट्या माझ्यावर कशाला? सांगलीहून हिराकस आणतो कोण? त्याला विचार की.”

मी मागं वळले. दारात शशिकांत उभा होता, खांद्यावर टॉवेल. तो सांगलीला बँकेत होता, रोज जाऊन-येऊन. रोज त्याच्या पिशवीतून भाजी येई, पोरांची बिस्किटं येत. हिराकसही येत असेल असं माझ्या मनात कशाला येईल?

“तुम्हाला माहीत होतं?”

“बापूंनी सांगितलं आण म्हणून. बापूंना नाही कसं म्हणायचं?”

“आणि काल? काल बाई मला विचारत होत्या, खरं सांगा, खरं सांगा. तुम्ही कॅलेंडर बघत होता.”

“तिथं काय बापूंचं नाव घ्यायचं? परक्या माणसांत?”

परक्या माणसांत बापूंचं नाव जाऊ नये. माझं गेलं तर चालत होतं. मूग गिळून बसणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, पण यानं मूग गिळून वर ढेकरही दिला नाही, इतका तो सराईत होता. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. लहानपणी घातलेले धपाटे कमी पडले, असंही बोलले.

तेवढ्यात आत्या चुलीपुढून उठून आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच. आत्या आमच्या घरात बोलत नसे. सासू म्हणून तिनं मला कधी छळलं नाही आणि आत्या म्हणून कधी पाठीशीही घातलं नाही. ती बापूंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“कमळीलाबी हेच पाजलंसा,” ती म्हणाली.

बापूंच्या हातातली कातर टेबलावर पडली.

कमळी कोण हे मला ऐकून माहीत होतं. शशिकांतच्या आधीची, बापूंची पहिली मुलगी. तापानं गेली, असं आमच्या माहेरीही सांगत.

“दीड वर्साची हुती,” आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तो चढायची सवयच त्याला नव्हती. “आशीच पांढरीफटक पडली. प्वाट फुगलं. ह्या सुज्याचं पैल्यांदा फुगलं हुतं तसंच. मी म्हनलं, मिरजंला न्या. तुमी म्हनलासा, कंपाउंडराच्या पोरीला मिरजंला न्हेली तर लोक काय म्हनतील, मिक्श्चरनं गुण यील. चमच्या चमच्यानं पाजलंसा. शेवटच्या दिशीबी पाजलंसा. तोंडातनं भाईर यीत हुतं.”

“तिला उशिरा सुरू केलं,” बापू म्हणाले. आता त्यांचा आवाज निराळा होता. “डोस कमी पडला. लहान म्हणून मी डोस कमी ठेवला होता. तेवढ्यानंच गेली. ह्याच्या वेळी मी डोस कमी पडू देणार नव्हतो.”

सुजय दाराआडून बघत होता.

मला कीव यायला हवी होती, असं पुढं मला माझ्या भावानं सांगितलं, भावजयीनं सांगितलं, कीर्तनाला जाणाऱ्या शेजारणीनंही सांगितलं. मला आली नाही. कमळीला त्यांनी मारलं असं मी म्हणत नाही. त्या काळी आमच्या भागात त्या आजाराचं नावही कुणाला माहीत नव्हतं, ती जायचीच होती. पण तेव्हा कमी पडलेला डोस त्यांना माझ्या पोराच्या अंगावर पुरा करायचा होता. मिक्श्चर बरोबर ठरायला हवं होतं, रक्तात खोट नाही हे ठरायला हवं होतं. त्यात पोराचं काय होतंय हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा.

आत्यानं टेबलावरची बाटली उचलली. मग कपाट उघडलं आणि आतल्या होत्या त्या सगळ्या एकेक करून न्हाणीत नेऊन ओतल्या. न्हाणीतली ती फरशी अजून तांबूस आहे. मी घासून बघितली, निघत नाही.

“उद्या माझ्याबरोबर मिरजेला चला,” मी बापूंना म्हटलं. “तुम्ही सांगायचं डॉक्टरबाईंना. तुमच्या तोंडानं.”

“मी? त्या पोरीपुढं?”

“जाऊन या,” आत्या न्हाणीतून म्हणाली. “न्हाईतर मी हिला घिऊन चालले. माज्या भावाच्या घरला.”

आमच्या रीतीचा आयुष्यात एकदाच असा उपयोग झाला. आम्हा दोघींचं माहेर एक होतं. सून रुसून माहेरी गेली तर सासरा खुशाल मिशांना पीळ देत बसतो, चार दिवसांनी येईल म्हणतो. पण सून आणि बायको एकाच एस.टी.नं एकाच दारात जाऊन उतरल्या तर तो गावाला काय सांगणार? बापूंनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “सकाळची गाडी कितीची आहे?”

सोमवारी आम्ही चौघं बाईंच्या खोलीत उभे होतो. बापूंनी कडक इस्त्रीचे कपडे घातले होते.

“काय झालं, आई? परवा तर येऊन गेलात.”

“हे माझे सासरे. मागं एकदा आले होते,” मी म्हटलं. “ते सांगतील.”

“नमस्कार,” बापू म्हणाले. “मीसुद्धा वैद्यकीय लायनीतलाच. उभी हयात दवाखान्यात गेली.”

“अरे वा! बसा ना बापू, बसा.” बाईंनी स्वतः खुर्ची पुढं सरकवली. नर्सला सांगून पाणी मागवलं.

बापू बसले. पाणी प्यायले. आणि बोलले. चुकवलं काही नाही, ते कबूल करायला हवं. मिक्श्चर सांगितलं, हिराकस सांगितला, वर्ष सांगितलं. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता. परवा माझ्यावर पडली ती वीज आता बरोबर जागी पडणार. मी त्या क्षणासाठी रात्रभर जागी होते.

बाईंनी एक लांब श्वास घेतला आणि त्या खुर्चीत पुढं झुकल्या.

“बापू,” त्या म्हणाल्या, इतक्या मऊ आवाजात की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय, “तुमचं प्रेम समजतं हो मला. नातवासाठी जीव तुटतो माणसाचा. तुमच्या काळात हेच औषध होतं. पण ह्या आजारात ते उलटं पडतं. आता नका देऊ हं.” मग त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढून दाखवलं. बापूंनी चष्मा लावून ते बघितलं. “असं आहे होय,” म्हणाले. मग जुन्या डॉक्टरांची एक आठवणही सांगितली. त्यावर बाई हसल्या.

मग त्या माझ्याकडं वळल्या. “आणि आई, तुमचंही लक्ष पाहिजे हं घरात. मुलाला कोण काय देतंय ते बघायला नको?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाई,” मी म्हटलं, “परवा मला जसं बोललात, तसं यांना बोला.”

“अहो, वडीलधारे आहेत ते—”

“मी गोळ्या देत होते. मला म्हणालात, खरं सांगा. हे रोज विष पाजत होते. यांना म्हणता, प्रेम समजतं. मी उभी होते, यांना खुर्ची. मला बोललात ते बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू गेलं. मला काही नको, बाई. माझी माफी नको. फक्त त्याच आवाजात यांना बोला. एकदा.”

“हेमा!” शशिकांत म्हणाला. बाईंच्या खोलीत त्याला पहिल्यांदा वाचा फुटली ती ही.

“तुम्ही कॅलेंडर बघा,” मी म्हटलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी बापूंकडं बघितलं. “उभे राहा,” त्या म्हणाल्या.

बापूंनी मुलाकडं बघितलं. मुलगा खरंच कॅलेंडरकडं बघत होता. बापू उठले.

“खरं सांगा. मी लोह द्यायचं नाही म्हटलं होतं ते तुम्ही ऐकलं होतं की नाही?”

“ऐकलं होतं.”

“ऐकून पाजलंत. लपवून पाजलंत. हिला मी बोलले, ते तुमच्यामुळं बोलले. या मुलाचं एक वर्ष घालवलंत तुम्ही. आणखी एक वर्ष गेलं असतं तर मी याचं नाव पुण्याला कधीच पाठवू शकले नसते. कळतंय का तुम्हाला काय केलंत ते?”

आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. परवा मान लांब करून बघणारी बाई त्या दिवशी नव्हती, हळहळ एवढीच.

“कळतंय,” बापू म्हणाले.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला भर दवाखान्यात उभं केलं म्हणून नंतर पुष्कळांनी मला नावं ठेवली, त्यांनाही मी हेच सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. आकडा उतरायला लागला. सावकाश उतरला, पण उतरला, आणि दोन वर्षांनी प्राजूचा मगज तिच्या भावाला दिला. सुजयच्या बाटल्या बंद झाल्या. आज तो स्वतःच्या पगारावर स्वतः तपासण्या करून घेतो. बापू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांना रोज दोन वेळा ताट वाढलं, आजारपण काढलं. माफ केलं का, म्हणून लोक विचारतात. माफी माझी कुणी मागितलीच नाही, तर मी देऊ कुठली? ना बापूंनी, ना त्यांच्या मुलानं.

पण त्या सोमवारी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर एस.टी. स्टँडजवळच्या रसवंतीत आम्ही बसलो होतो. चार ग्लास आले. सुजयच्या ग्लासात पोऱ्यानं नळी घालून दिली. सुजयनं ती नळी बोटानं फिरवली आणि बापूंना विचारलं, “बापू, आईनं आता सगळ्यांना सांगितलं. औषधाचा गुण गेला ना?”

बापूंनी ग्लास खाली ठेवला. चरकाच्या घुंगरांचा आवाज चालला होता. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्यात गुण नव्हताच, बाळा,” ते म्हणाले. “पहिल्यापासून नव्हता.”

आणि बापूंचे डोळे घळाघळा वाहायला लागले. ते कुणासाठी वाहत होते हे मला कळत होतं. ती आमच्यात नव्हती, पस्तीस वर्षं नव्हती.

सुजयला काही कळलं नाही. त्यानं नळी ओठांपाशी नेली, थांबला, आणि बापूंवरून नजर काढून माझ्याकडं बघितलं.

“आई, हे पिऊ?”

“पी,” मी म्हटलं.